पंच्याऐंशी नंबरचा कोंबडा

हिनर्क काकांचा एकच नियम होता — कोंबडा उचलताना आधी पाय बघायचा, तोंड नंतर. पायात कडं असतं, कड्यावर नंबर असतो, आणि नंबर खोटं बोलत नाही. मी हा नियम शंभरदा ऐकला होता. आणि त्या डिसेंबरच्या रविवारी दुपारी तीन वाजता, भर प्रदर्शनात, मी पाय बघायचा सोडून तोंड बघत बसले. कोंबड्याचं नाही हो... माणसाचं.

झालं असं, की ऑक्टोबरात काका शिडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना विन्सेनच्या वृद्धाश्रमात जावं लागलं. तिथे कोंबड्या ठेवू देत नाहीत. मग त्यांचं घर, त्यांच्या नऊ रामेल्सलो जातीच्या कोंबड्या आणि एक कोंबडा असा सगळा संसार माझ्या गळ्यात आला. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी मुलगी. पण रामेल्सलो कोंबड्या म्हणजे काकांचा जीव की प्राण. पांढरीशुभ्र पिसं, निळसर पाय, काळेभोर डोळे. अंडीही भरपूर देतात आणि ताटातही निराशा करत नाहीत. चाळीस वर्षं काकांनी हा वंश एकट्याने सांभाळला, बाहेरचा कोंबडा कधी आत येऊ दिला नाही आणि आपला कोंबडा कधी कुणाला दिला नाही. लोक मागून मागून थकले.

तर प्रदर्शनासाठी मी गुरुवारी कोंबड्याला न्हाणीघरात टबात बसवून लहान मुलांच्या शाम्पूने न्हाऊ घातलं, केस वाळवायच्या यंत्राने एकेक पीस फुलवलं. तो डोळे मिटून असा बसला होता की जणू दर आठवड्याला त्याचं हेच चालतं. पिंजरा नंबर चौऱ्याऐंशी. शेजारी पंच्याऐंशीत आणखी एक रामेल्सलो, तितकाच पांढरा. आणि त्या पिंजऱ्यासमोर तो उभा होता. हिरवा स्वेटर, बाहीला गवताची काडी चिकटलेली, हातात कच्चा कांदा घातलेला पाव.

"तुमच्या कोंबड्याला शाम्पू कुठला वापरता?" त्याने विचारलं.

"का? तुम्हाला हवाय?"

"मला नको. माझ्याला हवाय. तुमच्या शेजारी तो अगदी गबाळा दिसतोय... आणि मीही."

मी हसले. तोही हसला. नाव टोर्बेन, राहतो एल्बे नदीपलीकडे. मग बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, डोळ्यांबद्दल काहीतरी — माझा धंदाच तो. इतक्यात घंटा झाली. आमच्याकडे रविवारी तीनला घंटा झाल्याशिवाय कुणी पिंजरा उघडायचा नाही, आणि झाली की सगळ्यांनी एकदमच उघडायचे. काय गोंगाट होतो म्हणता... टोर्बेन म्हणाला, अरे, मला तर दारातल्या टेबलावर बसायचंय, आणि पळाला. मी एक पिंजरा उघडला, कोंबडा काढला, टोपलीत घातला.

बाहेर जाताना दारातल्या टेबलावर प्रत्येक पक्ष्याच्या पायातला नंबर तपासतात, चिठ्ठीवर लिहितात आणि मगच सोडतात. टेबलावर हा बसलेला. त्याने कोंबड्याचा पाय उचलला, कडं वाचलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं... मागे रांग खोळंबली. माझे कान तापले. त्याने काहीतरी लिहिलं, चिठ्ठी टोपलीत टाकली आणि हळूच म्हणाला, "जपून जा."

मी गाडी चालवत घरी आले ती वाऱ्यावरच. टोपली, चिठ्ठी, कडं — कशाचंच भान नव्हतं.

सगळा हिवाळा मी वाट बघत होते, तो फोन करेल म्हणून. केला नाही. आपणच वेड्यासारखे मनात मांडे खात बसलो, असं स्वतःला बजावून झालं. इकडे कोंबडा विचित्र वागायचा. मी काकांसारखी शीळ घातली की आधी धावत यायचा, आता ढिम्म हलायचा नाही. मला वाटलं, बिचारा काकांची आठवण काढतोय. काकांना सांगितलं, तर म्हातारा डोळे पुसायला लागला. आता सांगताना लाज वाटते... तेवढ्या तीन महिन्यांत एकदा जरी मी त्याचा पाय उचलून बघितला असता.

मार्चच्या मध्यावर फोन आला.

"मी टोर्बेन. एक विचारायचं होतं... तुमच्या कोंबड्याच्या पायातला नंबर वाचाल का जरा?"

मी खुराड्यात गेले आणि वाचला. तीन महिने मी दुसऱ्याचाच कोंबडा पाळत होते.

शनिवारी तो आला तेव्हा बर्फ आणि पाऊस एकदमच पडत होता. कानटोपीतून पाणी गळतंय, काखेत टोपली. गर्दी होती, घाईघाईत नीट बघितलं नाही, चूक माझीच, असं तो दारातूनच म्हणाला. मी म्हटलं, चूक माझी, पिंजरा मी उघडला. चूक कुणाची यावरून आम्ही इतका वेळ वाद घातला की कोंबडेच कंटाळले. काकांचा कोंबडा टोपलीतून बाहेर आला तो चांगला गरगरीत होऊन, आणि उपाशी माणूस पंगतीत शिरावा तसा कोंबड्यांच्या मागे लागला. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. मी पोट धरून हसले. टोर्बेन मात्र खाली बघत होता.

मग कॉफी, लोणी-साखरेचा केक. आपला कोंबडा टोपलीत घेऊन जाताना दारात थांबून त्याने सांगितलं, "आता तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका. कोंबडा बदलला तरी आधीच्याचा अंश कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस राहतो. पिल्लं कुणाची ते कळणार नाही."

"एवढं ठाऊक आहे मला," मी म्हटलं. ठाऊक होतंच. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि चौथ्या दिवशी मी अठरा अंड्यांवर पेन्सिलीने तारखा घातल्या आणि उबवणी पेटीत ठेवली.

का ठेवली? मला विचारू नका. मीच स्वतःला विचारून थकले. काकांचा चाळीस वर्षांचा सोवळा वंश, आणि मी त्यात मुद्दाम घोळ घालतेय. काढून टाक, काढून टाक, असं एक मन म्हणत होतं, आणि दुसरं मन... दुसरं मन पेटीत पाणी भरून मोकळं झालं होतं.

आठवड्याने त्याचा फोन आला. कोंबडा कसा आहे, हवा कशी आहे, असं दोन मिनिटं झाल्यावर त्याने विचारलं, अंडी नाही ना बसवली? मी पुन्हा हवेवर गेले, बर्फ वितळतंय म्हटलं. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"दहाव्या दिवशी दिव्यावर धरून बघावी लागतात. येऊ का?"

"तुम्हाला वेळ असेल तर..."

"तू म्हण गं. अर्धी पिल्लं माझी असतील कदाचित."

काकांच्या घरात अंधारी जागा म्हणजे एकच, लोणच्या-मुरांब्यांची कोठी. खिडकी नाही, दोन माणसं उभी राहिली की संपली. भर दुपारी आम्ही दार लावून आत उभे. तो अंड्यामागे बॅटरी धरायचा आणि ते आतून नारिंगी उजळायचं. त्याच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास येत होता. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात लाल शिरांचं जाळं, आणि मध्ये एक ठिपका, हलणारा.

"दिसलं?" तो माझ्या कानाशी कुजबुजला.

लोकांच्या डोळ्यांच्या आत रोज बघते मी, पण तिथे असं काही हलताना कधी दिसलं नव्हतं. नुसती मान हलवली, तर डोकं त्याच्या हनुवटीवर आपटलं. "लागलं का?" त्याने विचारलं. "नाही." "मला लागलं," तो म्हणाला, आणि तरी बाजूला झाला नाही. अठरापैकी अकरांत जीव होता. ती मोजायला आम्हाला पाऊण तास लागला.

एप्रिलात नऊ पिल्लं बाहेर आली. त्यानंतर तो दर शनिवारी यायचा. जाळी दुरुस्त करून दिली, पिल्लांच्या दिव्याची उंची बदलली, हाताला लागला की खाज सुटते तो रानपाला बारीक चिरून खाण्यात मिसळायला शिकवलं. गप्पा मारायचा, चेष्टा करायचा, माझ्या हातावरची ओरखड्याची जखम बघून स्वतः पट्टी लावायचा. आणि बोलायचा काय? कोंबड्या, कोंबड्या आणि कोंबड्या. मी आरशात बघून नवा ब्लाउज घालायची, आणि हा म्हणायचा, तुझ्या तिसऱ्या कोंबडीची पाठ फार सुंदर आहे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काकांच्या कानावर गेलंच. आश्रमाच्या बागेत चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं, पिल्लांचं सोडून. ते सांगायचं मला धाडस झालं नाही. नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा कठीण झाला.

"एल्बेपलीकडचा? त्याच्या बापाने वीस वर्षं माझा कोंबडा मागितला. मी दिला नाही. आता पोरगं आलंय होय?" काका म्हणाले. "गेसा, तो तुझ्याकडे येत नाही बाळ. माझ्या कोंबड्यांकडे येतो."

म्हातारा वाईट बोलला नाही, पण ते वाक्य मी घरापर्यंत बरोबर घेऊन आले. त्यातच फ्लेन्सबुर्गच्या चष्म्याच्या मोठ्या दुकानातून पत्र आलं. एक जूनपासून हजर व्हा, पद वरचं, राहायला दोन खोल्या. शहरात. कोंबड्या नेता येणार नाहीत. मी ते पत्र मुद्दाम स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि शनिवारी टोर्बेनला सांगितलं. मनात म्हणत होते, म्हण ना बाबा, जाऊ नकोस म्हण.

त्याने पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. "चांगली नोकरी आहे," म्हणाला. मग कपाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. "कोंबड्यांची काळजी करू नकोस. मी घेतो. सगळ्या."

इतक्या पटकन. काका बरोबर होते तर. मी म्हटलं, बरं होईल, आणि भांडी घासायला उठले. भांडी स्वच्छच होती.

मेचा शेवटचा शनिवार ठरला. आधी पिल्लांच्या पायात कडी घालायची, मग सगळ्यांना टोपल्यांत भरून त्याच्या गाडीत. सकाळी मी टोपल्या काढल्या. डिसेंबरची ती टोपली झटकताना गवताबरोबर एक चिठ्ठी खाली पडली. प्रदर्शनाच्या दारातली. पिंजरा चौऱ्याऐंशी, असं छापलेलं, आणि खाली निळ्या शाईत पायातला नंबर.

मी तो दोनदा वाचला. काकांच्या कोंबड्याचा नंबर नव्हता तो. टोर्बेनच्या कोंबड्याचा होता. त्याच्याच हाताने लिहिलेला, खाली सही.

म्हणजे गर्दी नव्हती, घाई नव्हती. त्याने पाय बघितला होता. स्वतःच्या कोंबड्याचा नंबर कुणाला पाठ नसतो? त्याला तिथेच कळलं होतं, आणि त्याने मला जाऊ दिलं. तीन महिने काकांचा कोंबडा त्याच्या अंगणात, ऐन हंगामाच्या तोंडावर... बापाला वीस वर्षांत जमलं नाही ते पोराने एका चिठ्ठीत करून दाखवलं. आणि मी मात्र त्या नजरेवर सगळा हिवाळा काढला. मला रडू आलं, मग राग आला, मग पुन्हा रडू आलं. शेवटी तोंड धुऊन बसले.

तो दहाला आला. आज स्वेटर नव्हता, इस्त्रीचा सदरा होता. हातात कड्यांचं पाकीट आणि एक जाड लिफाफा. मी काही न बोलता चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

त्याने वाचली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"किती पिल्लं काढलीस?" मी विचारलं. "काकांच्या कोंबड्यापासून. तीस? चाळीस?"

"एकही नाही."

"खोटं नको बोलूस."

"गेसा, तो तीन महिने माझ्याकडे वेगळ्या खुराड्यात होता. एकटा. माझ्या कोंबड्या त्याने बघितल्या त्या फक्त जाळीतून. तू त्याला परत आल्यावर पाहिलंस ना? ब्रह्मचाऱ्याला खायला घालून घालून मी त्याचा गोळा केला."

मला तो गरगरीत कोंबडा आठवला. पंगतीत शिरलेला. आणि खाली बघणारा टोर्बेन. आणि मग एकदम लक्षात आलं, की त्याचा कोंबडा मात्र तीन महिने माझ्या नऊ कोंबड्यांत राजासारखा नांदत होता. चोरी झाली असलीच तर ती माझ्या घरी झाली होती, आणि बोंब मीच मारत होते.

"मग का?" मी विचारलं. "का जाऊ दिलंस मला?"

तो पायरीवर बसला. हातातलं पाकीट उलटंसुलटं करत राहिला. "पाय उचलला, नंबर बघितला, सांगणारच होतो. मग वर बघितलं तर तू... तुझ्या नाकावर पीस चिकटलं होतं. वाटलं, आत्ता सांगितलं तर कोंबडा बदलून घेईल, थँक्यू म्हणेल आणि जाईल. न सांगितलं तर घरी गेल्यावर कडं बघेल आणि फोन करेल. संध्याकाळपर्यंत करेल, असं वाटलं मला." त्याने मान हलवली. "तीन महिने, गेसा. मला काय ठाऊक, जगात पाय न बघणारं माणूस असतं म्हणून."

मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. मी सगळा हिवाळा त्याच्या फोनची वाट बघत होते आणि तो माझ्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

"आणि फ्लेन्सबुर्ग? चांगली नोकरी आहे म्हणालास."

"आहेच. नको जाऊ म्हणणारा मी कोण? म्हणून म्हटलं, कोंबड्या तरी घेतो. कोंबड्या माझ्याकडे असल्या तर तू बघायला येशील..." त्याने लिफाफा माझ्या हातात दिला. "हे विचारायचं होतं. नाही म्हणालीस तरी कोंबड्या नीट सांभाळेन."

आत आमच्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या संघाचा अर्ज होता. भागीदारीचा. दोघांनी मिळून एकाच नावाने कोंबड्या पाळायच्या, एकाच नावाने प्रदर्शनात मांडायच्या. आमच्याकडे हे हलक्यात घेत नाहीत. लग्न मोडायला कोर्ट पुरतं, भागीदारी मोडायला सगळा संघ जमवून ठराव करावा लागतो, असं लोक म्हणतात. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. दुसरी ओळ रिकामी.

"हे कोंबड्यांसाठी विचारतोयस की..." मी म्हटलं.

"कोंबड्यांसाठी मी एवढा घाबरत नाही," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. डिसेंबरपासून. नीट सांगता येत नाही, म्हणून मी पाठीबद्दल बोलतो, तुऱ्याबद्दल बोलतो... तूच आवडतेस."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आता माझी पाळी होती.

"मलाही एक सांगायचंय. ती अंडी चुकून नाही बसवली मी. चौथ्या दिवशी बसवली, मुद्दाम."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तू त्यांच्यावर तारखा घातल्या होत्यास की. कोठीत पहिलंच अंडं उचललं तेव्हा वाचली."

"आणि बोलला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आता थांबायची सवय झालीय मला."

मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तो त्या वाकड्या अक्षराकडे इतका वेळ बघत बसला, की शेवटी मीच त्याचा सदरा ओढून त्याला जवळ घेतलं. नऊ पिल्लं पायांत घुटमळत होती, एकाने त्याच्या बुटाची नाडी सोडवली.

कडी घालायच्या आधी एक काम उरलं होतं. काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पिल्लांचंही.

"चाळीस वर्षं," काका म्हणाले. मग खोकले. "गेल्या पाच वर्षांत अंडी कमी कमी फळत होती. नवं रक्त हवंच होतं. त्याच्या बापाकडे मागायला जाणार कोण?" पुन्हा खोकला. "नऊ म्हणालीस? नऊ बरी आहेत."

मग कडी घातली. मी पिल्लू छातीशी धरायची, तो पुढची तीन बोटं जुळवून त्यावरून कडं सरकवायचा आणि मागचं बोट अलगद सोडवून घ्यायचा. त्याची बोटं माझ्या बोटांवर यायची, आणि दर वेळी आम्ही दोघंही उगाचच गंभीर व्हायचो. वंशाच्या वहीत बापाच्या रकान्यात एकच नंबर लिहायची जागा असते. त्याने बारीक अक्षरात दोन्ही कोंबड्यांचे लिहिले.

फ्लेन्सबुर्गला मी जाणार आहे. त्याने तिकडून येणारी शुक्रवारची शेवटची गाडी इकडे किती वाजता पोचते ते आधीच बघून ठेवलं होतं, कागदावर लिहून, पाकिटात. सात बावीस.

दुपारी कोंबड्या भरल्या. या वेळी मी एकेकीचा पाय उचलून नंबर मोठ्याने वाचला आणि तो लिहीत गेला. सगळे बरोबर होते. काकांचा कोंबडा शेवटचा राहिला, आणि टोपल्या संपल्या होत्या. टोर्बेनने गाडीचं दार उघडलं. मी कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले, आणि एल्बे येईपर्यंत कोंबडा माझ्या बाहीआडून चोच काढून समोरचा रस्ता बघत होता.